न ठरवता निघालो, रेवसच्या लाँचने

सात_अडतीस

शुक्रवारी रात्री ओटा पुसून झाल्यावर फोन बघितला तर बयाचा मेसेज: "उद्या जाऊ या का कुठेतरी? विचार करायचा नाही. हो किंवा नाही." मी हो लिहिलं आणि मग नवऱ्याला सांगितलं.

बया माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. खरं नाव इथे लिहिलं तर भांडेल, म्हणून बया. ती दादरला, मी डोंबिवलीला. वर्षभर आमचं "भेटू या गं नक्की" चालतं आणि दिवाळी अंक संपून पुढचे येतात.

ठिकाण शोधायला बसलो असतो तर रविवार उजाडला असता. ग्रुपवर आधी माथेरान की लोणावळा, मग बजेट, मग पोल, आणि पोलवर मत देणारे दोघंच. म्हणून अट एवढीच ठेवली की आधी तिकीट काढावं लागेल असं काही नको. अशी दोनतीन वाहनं उरतात: एसटी, पॅसेंजर आणि लाँच. बया म्हणाली लाँच.

कुर्ल्याला हार्बर पकडून डॉकयार्ड रोड, तिथून भाऊचा धक्का. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या कॅटॅमरान सगळ्यांना माहीत आहेत, पण धक्क्यावरून रेवसला जाणारी लाकडी लाँच अजून चालते, तिकीटही बरंच स्वस्त. सकाळी धक्क्यावर मासळीचा बाजार उठत आलेला असतो, पायाखाली सगळं ओलं. चप्पल जुनी घाला. लाँचमध्ये पर्यटक आम्ही दोघीच असू. बाकी रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या कोळणी, एका काकांच्या मांडीवर टेबलफॅन, आणि बसल्या बसल्या झोपलेली कॉलेजची पोरं. डावीकडे घारापुरी, न्हावा-शेव्याच्या क्रेन, मध्ये नांगर टाकून उभी मोठी जहाजं. तासाभराचा प्रवास. त्यात आम्ही दोघी फारसं बोललोच नाही. भेटलो की आधी वर्षभराचा हिशेब द्यायचा असतो ना, कोणाचं लग्न, कोणाचं ऑपरेशन, तो कोणी मागितलाच नाही. तो रात्री आपोआप निघाला.

रेवसहून मिनीडोअर रिक्षाने अलिबाग. दुपारी ओहोटी होती, कुलाबा किल्ल्यात पाण्यातून चालत गेलो. घोडागाडीवाले मागे लागतात, पण पाणी गुडघ्याच्या खाली होतं. आत राघोजी आंग्ऱ्यांनी १७५९ साली बांधलेलं गणपतीचं देऊळ, त्याच्याजवळ गोड्या पाण्याची पुष्करणी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मध्ये ही. उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यावर दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्या सावलीत बसून चिक्की खाल्ली. तोपर्यंत राहायचं कुठे हे ठरलेलं नव्हतं. एरवी मला याने घाम फुटला असता.

रात्री नागावला एका वाडीत खोली मिळाली. पलीकडच्या वाडीत पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावली होती, त्यांनी बोलावलं. रविवारी एसटीने रेवदंडा, साळावचा पूल ओलांडून कोर्लई. किल्ला म्हणजे समुद्रात शिरलेली लांबट टेकडी, एका बाजूला कुंडलिकेचं मुख, दुसरीकडे उघडा समुद्र. दीपगृहाकडून वर चढता येतं. पोर्तुगीजांनी तो १५९४ मध्ये निजामशाहीकडून घेतला. खालच्या गावात जुनी ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथली माणसं घरात अजूनही पोर्तुगीजातून आलेली त्यांची स्वतःची बोली बोलतात. दुकानात चहा पिताना दोन म्हाताऱ्या बोलत होत्या, अक्षर कळलं नाही. मग आमच्याकडे वळून ठसठशीत मराठीत म्हणाल्या, "बिस्किट देऊ का अजून?"

एवढंच. काही भारी झालं नाही. पण अख्ख्या दोन दिवसांत मला कोणी "आता काय करायचं?" असं विचारलं नाही. भाजी कोणती, डबा कोणाचा, गॅस कधी लावायचा, पाहुण्यांना काय द्यायचं, या सगळ्याची उत्तरं घरात माझ्याकडे असतात. कंटाळा कामाचा नसतो हो, ठरवण्याचा असतो. बयाबरोबर कोणीच काही ठरवत नव्हतं. बस आली, बसलो. भूक लागली, खाल्लं.

तुमच्या अशा न ठरवलेल्या सहली सांगा. दोघांच्याच. मोठ्या ग्रुपच्या नकोत, त्यांचे धागे पुष्कळ आहेत.

कांदेपोहे

आहाहा. सोमवारी सकाळी हे वाचायला नको होतं. जळजळ झाली.
शनिवारी दुपारी नागावला आयत्या वेळी खोली मिळाली कशी? आम्हाला तर आठवडाआधी फोन केला तरी "फुल्ल" ऐकायला मिळतं.

सात_अडतीस

@कांदेपोहे, स्विमिंग पूल नको म्हटलं की मिळते. मुख्य रस्त्यावरच्या पाट्या सोडून आत वाड्यांत शिरलो आणि विचारत गेलो. तिसऱ्या घरी मिळाली. पंखा, मच्छरदाणी, संडास बाहेर. पहाटे सुपारीच्या झावळ्या पत्र्यावर पडतात, दचकायला होतं.

भटकभवानीचा_भाऊ

तुम्ही दोघी होतात म्हणून मिळाली. मी आणि मित्र असेच निघालो होतो काशीदला. पहिल्या घरी "फॅमिली ओन्ली". दुसऱ्या घरी "स्टॅग चालत नाही". तिसऱ्या काकूंनी दोघांकडे नीट बघितलं आणि "पिणार का?" विचारलं. नाही म्हटलं तर विश्वास बसेना. शेवटी मित्राने त्याच्या आईला फोन लावून दिला, तिने जामीन राहिल्यासारखं बोलून खोली मिळवून दिली. वय वर्षं छत्तीस दोघांचंही.

काकूंचंही चूक म्हणवत नाही. आमच्याच जातीच्या पोरांनी आधी काय धिंगाणा घातला असेल देव जाणे.

तिथीवार

छान वर्णन. पाणी गुडघ्याखाली होतं हे नशीब नव्हे, शनिवारी अष्टमी होती. ज्यांना अचानक निघायचं असतं त्यांच्यासाठी आमच्या वडिलांचा हिशेब देतो, मोबाईल लागत नाही. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, भरती सहाला. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे बाराला. वद्य आणि शुद्ध दोन्ही पक्षांना हाच हिशेब. अर्धा तास इकडे तिकडे होतो.

मात्र अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. म्हणून तुम्हाला थोडं पाण्यातून जावं लागलं. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा ओहोटीला वाळू कोरडी पडते, पण भरती वळली की पाणी झपाट्याने येतं. दर वर्षी कोणी ना कोणी किल्ल्यात अडकतं. आत जाताना परत यायची वेळ किनाऱ्यावर विचारून जावे.

रेवसलाही हेच. मोठ्या ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागायला त्रास होतो.

कांदेपोहे

तिथीवार काका, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावतो. आमच्याकडे कालनिर्णय फक्त दूधवाल्याच्या खाड्यांसाठी वापरतात.

साखरझोप

लेख चांगला आहे, पण थोडा खडा टाकते, रागावू नका.

"मी हो लिहिलं आणि मग नवऱ्याला सांगितलं" हे वाक्य वाचून मी पुढे वाचायचीच थांबले. माझ्या घरी हे होऊ शकत नाही. दोन मुलं, एक पाच वर्षांचं, नवरा शनिवारी कामावर, सासूबाई गावी. मला दोन दिवस बाहेर जायचं तर तीन आठवडे आधी ठरवावं लागतं, आणि मग त्याला अचानक म्हणायचं कसं? अचानक निघणं ही हौस नाही, ऐपत आहे. पैशाची नव्हे, माणसांची. घरी कोणीतरी होतं म्हणून तुम्ही लाँचमध्ये होतात. त्या कोणीतरीचं नाव लेखात नाही.

अप्पा_ठाकूरद्वार

साखरझोप यांच्याशी सहमत. आमच्या काळी बायका अशा एकट्या निघत नसत. घरच्यांना निदान आदल्या दिवशी सांगायला हवे. काळजी वाटते, बाकी काही नाही.

साखरझोप

अप्पा, मी हे म्हणतच नाहीये! माझ्याशी सहमत होऊ नका कृपया.

भटकभवानीचा_भाऊ

=)) =))

अप्पा, आणि मी आदल्या दिवशी कोणाला सांगितलं हे का नाही विचारलंत?

सात_अडतीस

@साखरझोप, मुळीच राग नाही. मुद्दा खरा आहे.

घरी नवरा होता आणि सासूबाई होत्या. मुलगा नववीत, त्याला मी नसले की आनंदच होतो, मॅगी मिळते. पण हे आपोआप झालेलं नाही. सुरुवातीला मी माहेरी दोन दिवस गेले तरी तिखटमिठाच्या पुऱ्या करून, भाज्या चिरून, डब्यांवर चिठ्ठ्या लावून जायचे, आणि तरी फोन यायचे, "हिंग कुठे आहे?" एकदा मी फोन उचललाच नाही. हिंग सापडला. पुढच्या वेळी चिठ्ठ्या नाहीत. त्यावरून धुसफूस झाली, अबोला झाला, सगळं झालं. मी नसले तरी घर चालतं हे घराला पटायला काही वर्षं गेली, आणि खरं सांगू, मला पटायला जास्त. निघायला दहा मिनिटं लागली ती त्या वर्षांच्या जोरावर.

तुमचं मूल पाचच वर्षांचं आहे. तेव्हा मीही कुठे गेले नव्हते. मोठं झालं की सगळं सोपं होतं असं मात्र म्हणणार नाही, कारण ते प्रत्येक घरी होतंच असं नाही.

@अप्पा, सासूबाईंनीच सांगितलं, येताना पांढरा कांदा आण म्हणून. माळच आणली.

वाल_आणि_वांगी

मी अलिबागची. दोन गोष्टी.

एक, पोपटी खाल्लीत आणि एका वाक्यात उरकलीत? हा गुन्हा आहे. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, मध्ये अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली मसाल्याची कोंबडी, वरून परत शेंगा आणि तोंडाशी पाला घट्ट कोंबायचा. मडकं उपडं घालून भोवती गोवऱ्या, पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. अर्धा-पाऊण तास. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झाली असं आमचे आजोबा म्हणायचे. भांबुर्डी नसेल तर ती पोपटी नव्हे. पुण्याच्या एका रिसॉर्टवाल्याने कोबीची पानं घातलेली मी या डोळ्यांनी पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट, तुमचा विरंगुळा म्हणजे आमचा शनिवार. शनिवारी आम्हाला बाजारात जाता येत नाही. रविवारी संध्याकाळी अ‍ॅम्ब्युलन्सलासुद्धा वाट मिळत नाही अशी रांग लागते. मासळीचा भाव शुक्रवारी रात्री चढतो, आम्हीही त्याच भावाने घेतो. सोमवारी किनाऱ्यावर बाटल्या. तुम्ही दोघी लाँचने आलात, एसटीने फिरलात, वाडीत पैसे दिलेत, तुमच्याबद्दल तक्रार नाहीच. पण "चला अलिबाग" म्हणून निघणारे सगळे असे नसतात.

आता माझी न ठरवलेली सहल. मी आणि माझी जाऊ. कंटाळा आला की आम्ही त्याच लाँचने उलट्या दिशेने जातो! धक्का, तिथून क्रॉफर्ड मार्केट, मंगळदासमधून ब्लाउजपीस, एक सिनेमा, आणि संध्याकाळी परत. तुम्हाला आमची शांतता हवी असते, आम्हाला तुमची गर्दी. गर्दीत आम्हाला कोणी ओळखत नाही, हे केवढं सुख आहे ते छोट्या गावातल्या बाईलाच कळेल. जाऊबाई तिथे फुटपाथवर उभी राहून पाणीपुरी खाते. इथे खाल्ली तर संध्याकाळपर्यंत सासऱ्यांना कळतं.

सात_अडतीस

जाऊबाईंना दंडवत! आमची गर्दी कोणाला हवीशी वाटते हेच मला नवीन.

पोपटीबद्दल माफी. इतकी खाल्ली की लिहायला शब्द उरले नाहीत.

चार_चाकं

लाँच वगैरे ठीक, पण अटल सेतू झाल्यापासून कारनेच बरं पडतं. १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, २१.८ किलोमीटर, शिवडीहून चिर्ल्याला कधी पोचलो कळत नाही. एका वेळचा टोल अडीचशे. मनात आलं की निघा.

वाल_आणि_वांगी

चिर्ल्याला लवकर पोचता आणि वडखळला सगळे एकत्र येता. रांग पुढे सरकली, एवढंच.

चार_चाकं

वडखळचं मान्य. मागच्या वेळी दीड तास. बायको म्हणाली इथेच पिकनिक करू.

कार घेऊन जायचीच असेल तर धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे की. २०२० पासून चालू आहे. पण शनिवारची बुकिंग आधीच भरते, म्हणजे परत ठरवणं आलंच.

तिथीवार

रेवस-करंजा पूल बॅ. अंतुले यांच्या काळापासून ऐकतो आहे. आता काम चालू आहे म्हणतात. तो झाला की लाँचचे काय होईल ते दिसतेच आहे. ज्यांना जायचे त्यांनी जाऊन घ्यावे.

होकायंत्र

अवांतर: अलिबागला गेलात आणि चुंबकीय वेधशाळा बाहेरून तरी पाहिलीत की नाही? किनाऱ्याच्या जवळच आहे. आधी वेध मुंबईत कुलाब्याला घेत. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं, त्यांच्यामुळे चुंबकीय मोजमापात गोंधळ होणार, म्हणून १९०४ साली नवी वेधशाळा अलिबागला उभारली. मुंबईच्या कटकटीला वैतागून वीकेंडला अलिबाग गाठणाऱ्यांची परंपरा इतकी जुनी आहे.

कांदेपोहे

होकायंत्र, हा आजचा सर्वोत्तम प्रतिसाद.

दुपारचं_ऊन

इथे बरेच दिवस फक्त वाचते आहे, पहिल्यांदा लिहिते.

साखरझोप म्हणतात ते माझ्या बाबतीत आणखी पुढचं आहे. आई माझ्याकडे असते, तिला स्मृतिभ्रंश आहे. रात्रीचं बाहेर राहणं माझ्या आयुष्यात सध्या नाही. बुधवारी एक मावशी येतात, सकाळी साडेसहा ते दीड. त्या वेळात मी बँक, औषधं, दळण उरकते.

मागच्या पावसाळ्याआधी शाळेतली मैत्रीण म्हणाली, आज बँकेत जाऊ नकोस. आम्ही धक्क्यावरून रेवसची लाँच घेतली. उतरलो, टपरीवर चहा आणि वडापाव खाल्ला, आणि पुढच्या लाँचने परत. रेवसच्या पुढे पाऊलही टाकलं नाही. मैत्रिणीने विचारलं, "आईची आठवण येतेय?" मी म्हटलं नाही, आणि मग मला रडू आलं, आणि तिने काही न बोलता दुसरा वडापाव मागवला. एकला घरी होते. आईने विचारलं, "तू कोण?" रोजच विचारते. त्या दिवशी मला राग आला नाही.

हे सहलीत बसतं का माहीत नाही.

साखरझोप

बसतं. पहिल्या रांगेत बसतं.

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण हे असं मला सुचलंच नव्हतं. पोरगं बालवाडीत असतं तेवढ्या वेळातही काही करता येईल. लाँच नाही जमणार, मी बदलापूरला. बारवी धरणाकडे रिक्षा जाते. शेजारणीला विचारते.

सात_अडतीस

@दुपारचं_ऊन, लिहिलंत ते फार बरं केलंत. तुमच्या मैत्रिणीला आणि बयाला एकदा एकत्र बसवायला हवं. दोघी मिळून एक वाक्य बोलणार नाहीत.

अप्पा_ठाकूरद्वार

मी वर जे लिहिले त्याबद्दल गैरसमज नसावा. आमची ही गेल्यावर मी आणि माझा गिरगावातला मित्र, वय दोघांचे सत्तरच्या वर, असेच एकदा सांगलीच्या गाडीत बसलो होतो. का ते विचारू नका. तिकीट साताऱ्यापर्यंतचे काढले होते कारण पुढे जायचे की नाही यावर भांडण होते. साताऱ्याला कंदी पेढे घेतले आणि परतलो. सुनेला आदल्या दिवशी सांगितले नव्हते. ती फार बोलली.

भटकभवानीचा_भाऊ

अप्पा!!! हे आधी सांगायचं ना.

कांदेपोहे

अप्पा, वेगळा धागा काढा. भांडणासकट.

दुपारचं_ऊन

सगळ्यांचे आभार. मैत्रिणीला हा धागा पाठवला, ती म्हणते या बुधवारी परत. तिथीवार काका, मावशी साडेसहाला येतात, मला दीडच्या आत घरी पोचायचं असतं, घर शिवडीला आहे. ओहोटीत अडकून पडायला नको. जमेल का?

तिथीवार

बुधवारी द्वादशी. बाराचे पाऊणपट नऊ. भरती नऊच्या सुमारास, ओहोटी तीनला. तुमच्या वेळेत रेवसला पाणी भरपूर असेल, गाळाची काळजी नको. सकाळची पहिली किंवा दुसरी लाँच धरा, शिवडीहून डॉकयार्ड रोड जवळच आहे. परतीची वेळ उतरल्याबरोबर तिकीटवाल्याला विचारून ठेवा, कारण प्रवासी कमी असले की फेरी मागेपुढे करतात. अकरानंतरच्या लाँचवर विसंबू नका.

वाल_आणि_वांगी

@दुपारचं_ऊन, बुधवारी जाऊबाई आणि मी सकाळच्या लाँचने मुंबईलाच निघणार आहोत, मंगळदासमध्ये अस्तर बदलून घ्यायचंय. रेवसला धक्क्यावर भेटू. हिरवी साडी, हातात पोपटीच्या शेंगांची पिशवी. तुमच्यासाठी.